तळाला टेकलेला पाय

पोहायला शिकवणाऱ्याला आधी स्वतःला पोहता आले पाहिजे, ही अट मला अजूनही जरा जाचकच वाटते.

भिलाईचा कारखाना तेव्हा अर्धा जमिनीवर आणि अर्धा नकाशात होता. मी फिटर होतो. सेक्टर दोनमध्ये नवीकोरी क्वार्टर मिळाली होती, आणि बांधकामाची धूळ इतकी की ताटातली भाकरीसुद्धा लालसर दिसे. एक दिवस आमच्या वर्कशॉपच्या फलकावर नोटीस लागली: कामगारांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षा शिकवायला प्रशिक्षक हवेत, तीन आठवडे प्रशिक्षण, तेवढे दिवस शिफ्टमधून सुटका, आणि गळ्यात अडकवायला शिटी. लोकांचे जीव वाचावेत म्हणून मी अर्ज केला असे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितले. खरे म्हणजे मला शिटी हवी होती.

अर्जात विचारले होते, पोहता येते का. मी बेधडक ‘होय’ लिहिले. ते अगदीच खोटे नव्हते. भंडाऱ्याकडे आमच्या गावचा तलाव मी लहानपणी कितीतरी वेळा पार केला होता. फक्त दर वेळी पुढे म्हैस असायची. म्हशी पलीकडच्या काठाला चरायला पोहत जात आणि आम्ही पोरे त्यांच्या शेपट्या धरून मागे. उजव्या हातात शेपूट, डावा हात पाण्यावर आपटायचा, पाय झाडत राहायचे. आमच्याकडे यालाच पोहणे म्हणत. माणसे म्हशीशिवायही पोहतात हे मला भिलाईला आल्यावर, रविवारी तलावात उतरलेले रशियन इंजिनिअर पाहून कळले. तेव्हाही वाटले, त्यांच्या देशात म्हशींची टंचाई असेल.

प्रशिक्षण कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या तलावावर होते. शिकवणारे उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले. पहिले चार दिवस त्यांनी आम्हा बारा जणांना पाण्याला शिवूच दिले नाही. बाकावर पोट टेकायचे आणि हवेत हातपाय मारायचे. त्यात मी पहिला. कोरड्या जागेवर माझ्याइतके सुंदर पोहणारा माणूस दुर्गपासून रायपूरपर्यंत सापडला नसता.

पाचव्या दिवशी पाण्यात उतरवले. घाटाजवळ पाणी छातीभरच होते. मी एक पाय गुपचूप तळाला टेकवला आणि लंगडी घालत निघालो. वरून हात मात्र बाकावरच्यासारखेच डौलदार. उस्ताद घाटावरून म्हणाले, “हाथ बढ़िया है, पैर थोड़ा सुस्त है।” ते सुस्त पाऊल चिखलात रुतत होते, म्हणून मला जास्त जोर लागत होता, हे त्यांना कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला एकेक शिष्य मिळाला. माझ्या वाट्याला पन्नाशीचे एक काका आले, आमच्याच भंडाऱ्याकडचे. आधी ते कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनवर होते. तिथल्या धुराने छाती धरली, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिले आणि तलावाच्या मधोमध असलेल्या पंपहाऊसवर त्यांची बदली झाली. तिथे बोटीने जावे लागे. आता नवा नियम निघाला होता: बोटीवर बसणाऱ्याला पोहता आले पाहिजे. चाचणीत नापास झाला की मूळ जागी परत.

“मास्तर, मले पाण्याचं भेव नाई,” काका पहिल्याच दिवशी म्हणाले. “मले त्या धुराचं भेव आहे. कसंबी करून पार कर.”

मला आयुष्यात प्रथमच कोणी मास्तर म्हटले होते. मी जीव ओतून शिकवले. पोटाखाली हात धरून पाय मारायला लावले, तोंड बुडवून श्वास सोडायला लावला. त्यांना मधूनच खोकल्याची उबळ येई. म्हणून आधी उताणे तरंगायला शिकवले: दम लागला की उलटे व्हायचे, मान सैल सोडायची आणि पडून राहायचे. हे सगळे मी उस्तादांकडून ऐकलेले जसेच्या तसे सांगत होतो. गंमत अशी की काका खरोखर शिकले. दहा दिवसांत ते सुटे पोहू लागले, आणि मी त्यांच्या बाजूने लंगडी घालत सूचना देऊ लागलो.

मग उस्तादांनी चाचणी कशी होणार ते सांगितले. बोट खोल पाण्यात न्यायची, शिष्याने उडी मारून घाटापर्यंत यायचे, आणि मास्तरने शेजारी पोहायचे. शिष्य बुडू लागला तर मास्तरने ओढून आणायचे.

आदल्या दुपारी आम्ही घाटावर डबा खात बसलो होतो. मी म्हणालो, “काका, उद्याचं थोडं बोलायचं होतं.”

“मुठीचं का?”

“कोणती मूठ?”

“तुह्या उजव्या हाताची. पाण्यात उतरला का तू ते मूठ उघडतच नाई. म्हस घरचीच होती का कोणाची?”

मी हातातला घास डब्यात ठेवला. “कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी. मीबी तसाच शिकलो ना गा.”

“मग दुसरा मास्तर का नाही मागितला?”

“बाकीचे मास्तर आपल्या माणसाले गचकन खोल पाण्यात ढकलून राहिले होते. तुलेच आत जायचं नव्हतं, तं मले कावून ढकलशील?” ते हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर हळूच म्हणाले, “उद्या मधातच असा दम लागला, तं काय करशील?”

“ओरडीन.”

“ओरडजो मंग. पण कोणाले सांगू नोको. तुही शिटी जाईन.”

दुसऱ्या दिवशी नावाड्याने बोट खोल पाण्यात थांबवली. काका उडीसाठी कडेला सरकले आणि त्यांना एक बारीकशी उबळ आली. मी म्हणालो, “उस्ताद, मुझे तैरना नहीं आता।”

उस्ताद माझ्याकडे वळले. “तो तीन हफ़्ते पानी में क्या कर रहा था?”

“चल रहा था।”

त्यांनी एक अस्सल फौजी शिवी दिली आणि हात पुढे केला. मी शिटी काढून त्या हातावर ठेवली. मग त्यांनी सदरा काढला, आणि काकांनी उडी मारताच ते स्वतः त्यांच्या शेजारी पाण्यात उतरले.

काका निघाले. मी बोटीत उभा राहून एकेक हात मोजत होतो. अर्ध्यावर त्यांना जोराची उबळ आली, डोके खाली गेले, उस्तादांचा हात पुढे झाला. मी ओरडलो, “काका, उलटे व्हा, मान सैल!” ते उलटे झाले. पडून राहिले. उस्तादांचा हात त्यांच्या मानेखाली होता, पण टेकलेला नव्हता. बऱ्याच वेळाने काका वळले, आणि घाटाची पायरी हाताला लागेपर्यंत थांबले नाहीत.

बोट घाटाला लागली तेव्हा ते पायरीवर बसून धापा टाकत होते. उस्ताद म्हणाले, “पहले साँस ले लो।”

“पहले सही करा जी,” काका म्हणाले, “साँस मंग घेतो.”

उस्तादांच्या ओल्या हाताने चाचणीच्या कागदावर शाई पसरली. काकांनी कागदाची घडी केली नाही. दोन बोटांत धरून वाऱ्यावर वाळवत ते बोटीत येऊन बसले. दुपारची पाळी सुरू व्हायची होती. मी दोर सोडला आणि बोट पंपहाऊसकडे ढकलून दिली.