ड्रेस्डेन, स्कोफिल्ड्समार्गे

आमच्या भागात व्यायामाला परवानगी होती, विरंगुळ्याला नव्हती. हे मी रचलेलं नाही. दुसऱ्या लॉकडाउनच्या हिवाळ्यात पश्चिम सिडनीसाठी खरोखरच असा नियम निघाला होता. दिवसातून एक तास बाहेर पडा, मास्क लावा, चाला. टेकलात, रमलात, गप्पा ठोकल्यात, तर तो विरंगुळा, आणि त्याला दंड. त्याच दिवसांत टीव्हीवर समुद्रकाठच्या उपनगरांतली माणसं वाळूत पालथी पडलेली दिसायची. ती बहुधा पाठीचा व्यायाम करत असावीत.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पत्रकं लिहायचे. घरभाड्यावर, व्हिसावर, कापलेल्या शिफ्टवर, कशावरही. शत्रू कोण, मागणी काय आणि जमायचं कुठे, एवढं एका पानात बसवायचं. सवय अशी लागली होती की घरात दूध संपलं तरी मी आधी जबाबदार कोण ते विचारायचे. त्यामुळे आत्याचं प्रकरण माझ्याकडे आलं, तेव्हा त्याचंही मी आंदोलन करून टाकलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पुण्यात तिने आयुष्यभर जर्मन शिकवलं. खरं तर कॉलेजात तिला संस्कृत घ्यायचं होतं. संस्कृतच्या सरांनी आडनाव विचारलं आणि म्हणाले, "तुला झेपेल का?" आत्या उठली आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसली. तिथे जर्मन चालू होतं. "तिथे सगळेच सारखे अडाणी," ती सांगते. "कुणाचाच आजोबा घरी जर्मन बोलत नव्हता."

तिच्या जुन्या क्रमिक पुस्तकात ड्रेस्डेनचा एक धडा होता. फोटोत शहराच्या मधोमध दगडांचा मोठा ढीग, आणि खाली प्रश्न: तुम्हाला काय दिसतं? दरवर्षीच्या पोरांनी एकच उत्तर दिलं, दगड. मग आत्या सांगायची की हे घुमटाचं चर्च होतं, युद्धात पडलं. पुढे जर्मनांनी ते पुन्हा उभं केलं. तिच्या एका विद्यार्थिनीने तिथून उभ्या चर्चचं पोस्टकार्ड पाठवलं, आणि आत्याने ठरवलं की हा ढीग उभा राहिलेला आपण डोळ्यांनी बघायचा. निवृत्त झाल्यावर बेत आखला: आधी सिडनीला भावाकडे, तिथून जर्मनी. नकाशा बघून बाबा खूप हसले. मग विमानं बंद पडली, आणि महिनाभराचे कपडे घेऊन आलेली आत्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आमच्या कोऱ्या घरात अडकली. पोस्टकार्ड आमच्या फ्रीजवर राहिलं.

त्या हिवाळ्यात जर्मनीची सहल रद्द झाल्याचं मेल तिसऱ्यांदा आलं. दुसऱ्या दिवशी आईने मला बाजूला घेतलं.

"ताईंनी कार्ड काढलं गं फ्रीजवरचं. म्हणाल्या, आता नाही जायची मी. चहात साखर किती विचारलं तर नुसतं 'चालेल' म्हणतात. काहीतरी कर."

आत्या आणि 'चालेल'! तिला आयुष्यात काही चाललेलं मी पाहिलं नव्हतं.

"आत्या, मला ड्रेस्डेन दाखव," मी म्हटलं.

"यूट्यूबवर बघ."

"नाही, चालत. एक तास आहे आपल्याकडे."

"इथे काय दाखवू? एक घर धड जुनं नाही." आणि मग तीच थबकली. "तसं बघितलं तर, जुनं शहरच की हे."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण तिने समजावलं. ड्रेस्डेनमध्ये नदीच्या एका अंगाला 'जुनं शहर' आणि दुसऱ्या अंगाला 'नवं शहर'. बॉम्बने जुनं शहर गेलं, म्हणून ते नव्याने बांधलं. नव्या शहराचा बराच भाग वाचला. त्यामुळे आज जुनं शहर नवं आहे आणि नवं शहर जुनं.

"मग पाट्या बदलायला नकोत?" मी तापले.

"काढ पत्रक," आत्या म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने मला टोमणा मारला होता.

असं आमचं ड्रेस्डेन दर्शन सुरू झालं. पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने खणलेलं तळं ही एल्ब नदी. तळ्यापलीकडे स्टेशनच्या बाजूला पत्र्याच्या छपरांची जुनी घरं होती, ते नवं शहर. अलीकडची आमची कोरी इस्टेट, ते जुनं शहर. गिऱ्हाइकांना दाखवायला सजवून ठेवलेली नमुन्याची घरं, तो राजवाडा. कचऱ्याचे डबे उचकणाऱ्या लांब चोचीच्या आयबिस पक्ष्यांना तिने राजहंस म्हणून नेमलं. आत्या बाबांचं जॅकेट आणि माझे बूट घालून पुढे, मी मागे.

"आणि चर्च?"

गल्लीच्या टोकाला एक अर्धवट घर होतं. लाकडी सांगाडा उभा, काम बंद, पुढे चिखलात विटांचा ढीग. आत्याने लांबूनच बोट केलं. "ते शेवटी. आधी शहर फिरायचं, मग चर्च. शिस्त आहे की नाही काही?"

दोन-तीन दिवसांत समोरच्या फुटपाथवरून एक काका आमच्या चालीने चालू लागले. पुण्याचेच, आयटीतले, घरातून काम करून पकलेले. जवळ यायची सोय नसल्यामुळे ते रस्त्यापलीकडून शंका विचारत.

"मॅडम! म्हणजे सगळं डुप्लिकेटच ना?"

"तुमचे दात ओरिजिनल आहेत का?" आत्या ओरडली.

"पुढचे दोन नाहीत!"

"मग चावता ना त्यांनी?"

"चावतो! पण बघायला तिकीट नाही लावत!"

आत्या घरापर्यंत हसत होती. रात्री तिने आईला सांगितलं की साखर कमी पडली. कार्ड मात्र कपाटातच होतं.

इथे मी पत्रक काढलं. रविवारी चर्चचा दिवस ठरला होता. मी वर ठळक लिहिलं, 'विरंगुळा हा आमचा हक्क आहे!' खाली, 'ड्रेस्डेन दर्शन, रविवारी सकाळी, गल्लीच्या टोकाला.' दोन भाषांत छापलं आणि गल्लीतल्या लेटरबॉक्सांत टाकलं. आत्याला विचारलं नाही. नेतृत्वाला आयत्या वेळी कळलं तरी चालतं, असा तेव्हा माझा समज होता.

रविवारी दोन्ही फुटपाथ भरले. अंतर सोडून, मास्क लावून, पण भरले. स्कूटरवरच्या एका मुलीने विचारलं, "इज धिस द जर्मन थिंग?" आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला विभक्ती चुकल्यासारखं वाटलं. पण वर्ग भरलेला होता. ती ढिगाकडे वळली, हात उंचावला, आणि कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी आली.

खाली उतरला तो माझ्याच वयाचा पोरगा. "काय चाललंय, मंडळी?" असं काहीसं इंग्रजीत म्हणाला. मी छाती भरून घेतली. "पश्चिम सिडनीची कष्टकरी जनता..."

"गप्प," आत्या मराठीत म्हणाली. "पाय हलव."

आणि जागच्या जागी डावा-उजवा करू लागली. काकांनी लगेच गुडघे उचलले. बघता बघता दोन्ही फुटपाथ शाळेच्या कवायतीसारखे हलू लागले.

"व्यायाम," आत्याने त्याला इंग्रजीत सांगितलं.

"आणि हे हातवारे?"

"हातांचा व्यायाम."

"आणि इतका वेळ बोलताय ते, मॅम?"

"मी निवृत्त शिक्षिका आहे. ते आपोआप होतं." मग तिने ढिगाकडे बोट केलं. "तुला काय दिसतं?"

तो बिचारा वळला. "विटा."

"बरोबर," आत्या म्हणाली आणि तिने धडा सुरू केला, धापा टाकत, पाय न थांबवता. रात्रभर बॉम्ब पडले. घुमट त्यातूनही उभा राहिला, आणि शहराला वाटलं वाचला. मग तापलेले दगड फुटले आणि सगळं खाली आलं. ढीग तसाच पडून राहिला, पिढ्या गेल्या... पोलिसाच्या बुटाचं टोक हलत होतं, मी पाहिलं. पण गाडीतून त्याच्या सोबत्याने हाक मारली आणि तो भानावर आला. पांगा, म्हणाला. आज सोडतो, इथे परत गर्दी दिसली तर सगळ्यांना दंड.

घरी आल्यावर आत्याने बूट काढले ते फेकलेच. "मला मोर्चा नको होता. मला चर्च दाखवायचं होतं. शेवट राहिला ना! पडलं, इथवर सांगून झालं. उभं कसं राहिलं ते कोण सांगणार? ते सगळे आता ढीग डोक्यात घेऊन घरी गेले."

मी आजही म्हणते, पत्रकात चूक नव्हती. शुद्धलेखनाची एक होती, ती तिने लाल पेनाने दाखवली आणि खोलीत गेली. साखर पुन्हा 'चालेल' झाली.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी काकांचा फोन आला, इतक्या मोठ्याने की स्पीकर लावावा लागला नाही. "मॅडम, चर्चचं काम सुरू झालं!"

आत्या चहा टाकून उठली. आम्ही दोघीच निघालो, कायदेशीर. थांबायचं नाही म्हणून त्या घरासमोर फेऱ्या घालत राहिलो. सांगाड्यापुढे विटांची भिंत चढत होती. हिवाळाभर चिखलात पडलेल्या विटा काळपट झाल्या होत्या, आणि गवंडी त्या नव्याकोऱ्या विटांत मिसळून लावत होता. भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसत होती. आत्या थांबली.

"आत्या, पाय."

"बघ ना. तिथेही असंच केलंय. ढिगातले काळे दगड नव्या दगडांत बसवलेत. कार्डावर दिसतात बघ, असेच."

"आत्या, गाडी येईल. पाय हलव."

"गप्प बस. विरंगुळा आहे हा."

आणि ती चक्क समोरच्या गटाराच्या कट्ट्यावर बसली. मीही बसले. गवंड्याने आम्हाला पाहिलं, मग आम्ही बघत होतो ते डाग पाहिले. "त्याची काळजी नको," तो म्हणाला. "नो वरीज. धुणारा येतो गुरुवारी, अ‍ॅसिड मारतो, सगळं एकसारखं होईल."

"धुऊ नका!" आत्या उठलीच. "अजिबात धुऊ नका!"

त्याने मला विचारलं, "घर यांचं आहे का?"

"नाही. त्या गाईड आहेत."

शुक्रवारी आम्ही परत गेलो. भिंत लख्ख होती. एक डाग औषधालाही उरला नव्हता. आत्या त्या घराकडे वर्गातल्या कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तशी बघत राहिली.

"मूळचंच बघायला जायला हवं," ती म्हणाली. "हे डुप्लिकेट आहे."

घरी आल्या आल्या कपाट उघडल्याचा आवाज झाला. आईने चहा ओतता ओतता साखर किती ते विचारलं.

"दोन चमचे, सपाट नाही," आत्या फ्रीजसमोरून म्हणाली. "आणि माझं चुंबक कुणी उचललं इथलं?"