झटक्यांवरचं पान

माझी भाची सुमेधा घरबसल्या इंटरनेटवरच्या शोधांना गुण देते. लोक काहीतरी शोधतात, त्यांना दिसणारी पानं कामाची आहेत का, हे ती ठरवते. काल मी चहा घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा होतो. शोध होता, 'बाळाला झटके येतायत, काय करू?' पहिल्याच पानावर सल्ला होता, दातांत चमचा घाला!

सुमेधा 'ठीक' निवडू लागली आणि मी तिसऱ्या अंकातल्या नटासारखा कडाडलो, "ठीक? अगं, बाळ गुदमरेल!"

"माहितीय, मामा. पण हेच पान तपासणारे बाकीचे 'ठीक'च देणार. त्यांच्याशी माझे गुण जुळले नाहीत, तर कंपनीवाले मला कामावरून काढतील."

"आणि तुमच्या नियमावलीत काय लिहिलंय?"

"शोधणारा माणूस डोळ्यांपुढे आणा."

माझं डोकंच फिरलं. एका हातात ताठरलेलं बाळ, दुसऱ्यात मोबाइल, अशी आई तिकडे वाट बघतेय, आणि तिच्यासाठी नेमलेले हे शहाणे एकमेकांकडे बघतायत! शाळेत शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर काढत. इथे न बघणाऱ्याला काढतात.

सुमेधानं 'घातक' निवडलं. मग वळून म्हणाली, "उद्या मला काढलं, तर त्यांच्यावरही एवढ्याच मोठ्यानं ओरडशील?"