काळा चहा

धारला पब्लिक हेल्थच्या एम.ए.ला तो माझ्या शेजारी बसायचा. घर देवासचं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

जुलाबाच्या सर्वेक्षणासाठी आम्ही सरदारपूरकडच्या गावांत जायचो. कोणाकडे काही खायचं-प्यायचं नाही, अशी मॅडमची ताकीद होती. हा मात्र दारातूनच विचारायचा, “जीजी, काली चाय मिलेगी?” आणि थेट चुलीपाशी जाऊन उकिडवा बसायचा. मला लाज वाटायची, रागही यायचा.

बाई पत्ती टाकायला लागली की तो तिला थांबवायचा. “अभी नहीं जीजी, खूब उबलने दो.” पाणी खळखळायला लागलं की अंगणातल्या पोरांकडे बघत म्हणायचा, “इनको भी ऐसाच उबालके, ठंडा करके पिलाना.” मग चहा संपेपर्यंत पोरांच्या, शेतीच्या गप्पा. परतीच्या बसमध्ये मात्र तो कसलीशी गोळी चघळत गप्प बसून राहायचा. दमला असेल, असं मला वाटायचं.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी कँटीनमध्ये दोघांसाठी चहा सांगितला. त्याने आपला कप हळूच माझ्याकडे सरकवला.

“नको भिया. मला चहा सोसत नाही, लगेच पित्त होतं.”