पाचोऱ्यात फेकलेला दगड

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — सांगितलं असतं तर तिने मला ताट वाढलं नसतं, आणि ठीकच केलं असतं.

तुम्ही मला ओळखता. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळच्या खुर्चीत बसतो तो नाना — तो मी. अहिंसेवर बोलतो. छान बोलतो म्हणे! तुम्ही मुकाट ऐकता, याचीही मला चीड येते. एकालाही कधी आडवा प्रश्न सुचू नये?

बेचाळीस साली पाचोऱ्यात मिरवणूक निघाली, तेव्हा आम्ही शपथ घेतली होती — मार खायचा, हात उचलायचा नाही. शेजारी हिलाल होता, माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. लाठ्या सुरू झाल्या तसा तो खाली बसला आणि मार खात राहिला. मी — मी काय केलं? थांबा जरा. एक दगड फौजदाराच्या कपाळावर बसला. मग पोलिसांनी म्हाताऱ्यांनाही सोडलं नाही. दगडासाठी धरलं हिलालला. मला दुसऱ्या दिवशी नुसत्या घोषणांसाठी धरलं, म्हणून मी सत्याग्रही ठरलो. तुरुंगातले फटके त्याने सोसले. पण सुटून आल्यावर आपल्याच माणसांनी त्याला शपथ मोडणारा म्हणून दूर केलं. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

चाळीसेक वर्षांनी, स्वातंत्र्यसैनिक कोण ते ठरवायला तालुक्यात आमची समिती बसली. बरोबरच्या कोणीतरी साक्ष द्यायची, अशी रीत होती. हिलाल आला. खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

"माले काही नको, नाना. दगड कोनी फेका, ते मी कोनलेच सांगं नही. पन मी फेका नही, इतलं तू सांगी दे."

सगळे माझ्याकडे बघत होते. दगड मी फेकला होता. पाठीत एक — एकच — लाठी बसली आणि माझी शपथ संपली. आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं, स्वतःचं नावही घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "हिंसा करणाऱ्यासाठी मी साक्ष देणार नाही." समितीने माना डोलावल्या. हिलालने टोपी सारखी केली आणि तो निघून गेला.

तो वारला त्याला आता काही वर्षं झाली. त्याची मुलगी इथल्या शाळेत शिकवते. यंदा मला हार घालायला तीच पुढे आली. हार घालून हळूच म्हणाली, "नाना, बाबांमुळे तुम्हा सगळ्यांना खाली बघावं लागलं. त्यांना माफ करा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "केलं माफ."