टिंबमावशीचा धोंडा

वेधशाळेत सगळे तिला टिंबमावशी म्हणत. दुर्बिणीला तिनं कधी डोळा लावला नाही. तिचं काम दिवसाचं, तळघरातलं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे वेगवेगळ्या रात्री काचेवर घेतलेले दोन फोटो यंत्रात आलटूनपालटून बघायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादं टिंब टुणकन हललं, तर तो मंगळ आणि गुरूच्या मधून सूर्याला घिरट्या घालणारा धोंडा.

असा एक धोंडा मावशीला सापडला. माणसाला नावं ठेवायला कुणी पुरावा मागत नाही. धोंड्याला एक नाव द्यायचं, तर वर्षं जातात. तो पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, त्याची वाट पक्की ठरली पाहिजे. शेवटच्या काचेनं ती ठरली, आणि नाव सुचवायचा मान मावशीकडे आला.

"नवऱ्याचंच द्या की," साहेब म्हणाले.

"बघू," मावशी म्हणाली. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. तिला ना रडू आलं होतं, ना राग. जेवायची, निजायची, टिंबं मोजायची. आत काही हलतच नव्हतं.

संध्याकाळी लेकीनं तोच विषय काढला. "बाबांचं देणार ना?"

मावशी कप विसळत होती. "नाही देता येत."

"का गं?"

"दवाखान्यातून निरोप आला, तेव्हा हीच शेवटची काच यंत्रावर होती. अर्ध्यात सोडलं की काच हलते, पहिल्यापासून मोजावं लागतं. म्हटलं, एवढं उरकते नि निघते." भाजीचा भाव सांगावा तसा तिचा आवाज. "पोचले तर खाट रिकामी. कुठल्या तोंडानं त्यांचं नाव देऊ?"

लेक जवळ आली. "आई, तेव्हा दवाखान्यात मी तुला पुन्हा फोन करायला उठले होते. बाबांनी हात धरला. म्हणाले, 'राहू दे. तिनं काच लावली असेल. हलेल.'"

मावशीनं नळ बंद केला, पुन्हा सोडला. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

सकाळी तिनं साहेबांना नवऱ्याचं नाव सांगितलं. ते कोण होते, याची एक ओळ लागते, साहेब म्हणाले.

"लिहा, 'यांनी काच हलू दिली नाही.'"

साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं. मावशी तळघरात गेली, नवी काच लावली. पहिलंच टिंब धूसर दिसलं. तिनं भिंग पुसलं, तरी धूसरच. मग तिनं डोळे पुसले.