मवाळ रोग पाळणारे मास्तर

माणसाचा हात हे जगातलं सर्वांत घातकी अवजार आहे असं मानणारा, आणि तरीही इतका प्रेमळ, दुसरा गृहस्थ मी पाहिलेला नाही. मूल गावात ते आमच्या समोर राहत आणि शाळेत शेतीचा विषय शिकवत. अंगणात त्यांच्या मिरचीच्या पंचवीसेक कुंड्या होत्या आणि फाटकाशी दुधाची वाटी. आत येणाऱ्याने, मग तो पाहुणा असो की पोस्टमन, आधी साबणाने आणि मग दुधाने हात धुवायचे. बिडीच्या तंबाखूत मिरचीच्या रोगाचा विषाणू टिकून असतो, तो बोटांवरून झाडाला लागतो आणि दुधाने त्याचा जोर मोडतो, हे ते इतक्या कळकळीने सांगत की लोक हसू दाबून हात पुढे करत. आमच्याकडे बिडी न ओढणारा माणूस शोधावाच लागे. खुद्द त्यांच्या सासऱ्यांनी एकदा वाटीतलं दूध पिऊन टाकलं आणि वर साखर मागितली. मास्तरांनी साखर दिली आणि वाटी पुन्हा भरून ठेवली.

आता एवढं सोवळं म्हणजे झाडं ठणठणीत असणार, असं कुणालाही वाटेल. ती सगळीच्या सगळी रोगी होती. लोक पोपट पाळतात तसा मास्तर रोग पाळत. पान आखडणं, ठिपके पडणं हे झाड आपल्या मनाने करत नाही, विषाणूच्या जनुकात ते लिहिलेलं असतं, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्यातलं एखाददुसरं अक्षर बदललं की तोच विषाणू मवाळ होतो. झाडात राहतो, पण पानावर जेमतेम दिसतो, शिवाय आपल्या जहाल भावाला आत शिरू देत नाही. असा एक मवाळ विषाणू त्यांना कुणाच्या तरी शेतात सापडला होता. एका रोपाचा रस दुसऱ्याच्या पानावर चोळत तीन वर्षं त्यांनी तो जगवला होता. पुढच्या हंगामात गावच्या मिरचीला त्याचीच लस टोचायची, हा त्यांचा ध्यास. "हा गरीब हाये बापा, याले कोनी दुखवू नोका," असं ते चक्क विषाणूबद्दल म्हणत.

त्या उन्हाळ्यात त्यांची धानोऱ्याला दिलेली बहीण आजारी पडली आणि त्यांना जावं लागलं. जुनी रोपं उन्हाने वाळत आली होती. नव्या रोपांना रस चोळायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, हात धुवायला दूधही आणून दिलं. त्या दुधाचा मी चहा केला. चहावर बिडी ओढली, हात नुसते पाण्याखाली धरले आणि मोठ्या मायेने एकेक पान चोळलं.

ते परतले तेव्हा जुनी रोपं मेली होती आणि नवी आखडून ठिपक्यांनी भरली होती. बराच वेळ ते उकिडवे बसून पानं उलटीसुलटी पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "भाऊ, हात दुधानं धुतले होते नं?"

मी म्हटलं, "धुतले होते."

"मंग हा आपल्या मनानंच बदलला," ते म्हणाले. "आता लोकायले कसा देऊ?"

माझ्या शब्दावर त्यांनी क्षणभरही संशय घेतला नाही. घेतला तो त्या बिचाऱ्या विषाणूवर. कुंड्या रिकाम्या केल्या आणि लसीचा विषय पुन्हा काढला नाही. पुढे त्यांची बदली झाली. निघण्याच्या दिवशीही मी सामान उचलू लागलो, पण सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय. खरं बोललो असतो तर ते फार तर आठवडाभर रागावले असते, आणि मग पुन्हा शेतोशेत तो मवाळ विषाणू शोधायला निघाले असते.