पालकाचं सूप आणि नवी झडप

मशीनचं मॅन्युअल वाचायचं नाही, ही आम्हा मेंटेनन्सवाल्यांची जुनी खोड. महाळुंग्याच्या कंपनीत वीस वर्षं मी बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायचो आणि बिघाड ओळखायचो. हृदयात धातूची झडप बसवून मला घरी सोडलं, तेव्हा सोबत दिलेली सूचनांची पुस्तिकाही मी न वाचताच फ्रिजवर टाकली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी घ्यायची, एवढं ध्यानात ठेवलं की झालं!

छातीतून टिकटिक ऐकू यायची. आईला ती सहन होत नसे. मी शेजारी बसलो की ती टीव्हीचा आवाज वाढवायची. पण ऑपरेशनमध्ये लेकाचं रक्त गेलं, ते भरून यायला हवं, म्हणून दोन्ही वेळा वाडगाभर पालकाचं सूप समोर उभी राहून प्यायला लावायची. मीही गुमान प्यायचो.

दोनदा रक्त तपासलं, दोन्हीदा ते हवं तेवढं पातळ नव्हतं. गोळी वाढवूनही फरक पडेना. डॉक्टर म्हणाले, "झडपेवर गुठळी धरली तर जिवावर बेतेल." मग त्यांनी विचारलं, "रोज खाता काय?" मी सुपाचं सांगितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. पालकातलं व्हिटॅमिन के रक्त गोठायला मदत करतं; एवढा पालक पोटात गेल्यावर गोळी काय करणार? पुस्तिकेत दुसऱ्याच पानावर ते लिहिलं होतं.

घरी येऊन सांगितलं तशी आई मटकन खाली बसली.

"म्या माझ्या हातानं तुला..."

"अगं, पुस्तिका मी वाचायला हवी होती," मी दहादा म्हणालो. तरी ती त्या दिवशी जेवली नाही. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू!

सूप थांबलं, गोळी नव्याने ठरली. पुढच्या तपासणीत रक्त अगदी हवं तसं निघालं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच मला हसू फुटलं. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला!

आई दारातच उभी होती. "काय म्हनले?"

"सगळं झकास आहे."

तिचा विश्वास बसेना. तिने टीव्ही बंद केला, मला खुर्चीत बसवलं आणि पहिल्यांदाच माझ्या छातीला कान लावला. बराच वेळ ती ऐकत राहिली.

"चालू हाय," ती म्हणाली, आणि कान न काढताच रडायला लागली.